गाळाचे पंधरा दिवस

भाताची कापणी-झोडणी आटोपली आणि दिवाळीचे चार दिवस सरले, म्हणजे शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कातकऱ्यांच्या वाड्या एकेक करून ओस पडू लागतात. पहाटे टेम्पो येतो. त्यात भांडीकुंडी, गोधड्या, डालग्यातल्या कोंबड्या, एखादी शेळी आणि सर्वांत वर मुले चढतात. दाराला कडी घालून, फार तर एखादे म्हातारे माणूस मागे ठेवून, सारे कुटुंब वीटभट्टीवर जाते, ते मृग नक्षत्र तोंडावर येईपर्यंत परतत नाही. कोणी भिवंडी-कल्याणकडे जातो, कोणी वाड्याकडे, कोणी पनवेलच्या बाजूला, तर कोणी आपल्याच तालुक्यातल्या नदीकाठच्या भट्टीवर. काताचा धंदा करणारे म्हणून ज्यांना कातकरी हे नाव पडले, त्यांचे रान सरकारी बंधनात गेल्यावर त्यांच्या हाती जी कामे उरली, त्यांत हे एक मोठे काम.

शहरातील माणसाला वीटभट्टी ठाऊक असते ती आगगाडीच्या नाही तर मोटारीच्या खिडकीतून. धूर सोडणारा चौकोनी ढीग, शेजारी कच्च्या विटांच्या रांगा आणि उकिडवी बसलेली माणसे, एवढे तो पाहतो. हे चित्र डिसेंबरपासून मेपर्यंतचे. नोव्हेंबरात त्याच जागी काय असते, हे पाहण्याचा योग त्याला येत नाही. कारण तेव्हा तेथे पाहण्यासारखे काही नसते. गवत असते, साचलेले पाणी असते आणि गाळ असतो. वीट कशी पाडतात आणि कशी भाजतात, यावर आजवर पुष्कळांनी सांगितले आहे. आम्हांस येथे सांगायचे आहे ते त्याच्या आधीचे काम: पावसाने बुजवलेली भट्टी माणसे उपसून कशी काढतात, आणि त्या उपसण्याची मजुरी कोठे जाते.

भट्टी बुजते का, हे प्रथम पाहू. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. माहुलीच्या डोंगरावर, माळशेज आणि नाणेघाटाच्या कड्यांवर पडलेले पाणी भातसा, काळू या नद्यांतून उल्हास नदीकडे धावते. येताना डोंगराची माती घेऊन येते आणि उतार कमी झाला की ती खाली टाकते. याच मातीला चिकटपणा असतो, म्हणून भट्टीवाला नदीकाठची जागा धरतो. सपाट जमीन, माती, पाणी आणि ट्रक येण्याजोगा रस्ता, या चार गोष्टी त्याला एके ठिकाणी हव्या असतात, आणि त्या नदीकाठीच मिळतात. पण जी नदी माती देते, तीच पावसाळ्यात भट्टीवर माती आणून घालते. माळावरच्या भट्टीवर नदीचा गाळ येत नाही हे खरे. तेथे पाण्याने पटांगणाला घळी पडतात आणि कमरेइतके रान माजते. मेहनत वेगळी, पण सुटका कोणालाच नाही.

पहिल्या दिवशी टेम्पोतून उतरलेल्या माणसांपुढे जे दिसते ते असे. मागच्या उन्हाळ्यात माती काढलेले खड्डे पाण्याने भरलेले, त्यांच्या कडा ढासळलेल्या. विटा पाडायच्या पटांगणावर ओल्या गाळाचा थर, त्यावर टाकळा आणि गवत. मागच्या भट्टीच्या तळाशी राख, अर्धकच्च्या विटा आणि तुकड्यांचे ढीग, पावसाने एकजीव झालेले. राहायच्या झोपड्या, ज्यांना भट्टीवर भोंगे म्हणतात, त्या नसतातच. कच्च्या विटांच्या भिंती पावसात विरघळून परत माती झालेल्या असतात. जोत्याची खूण दिसली तर दिसली. त्या रात्री माणसे उघड्यावर निजतात. कार्तिकातली थंडी काळूच्या काठाला कशी असते, हे मुरबाडकडच्या मंडळींना सांगण्याची गरज नाही.

कामाला एक क्रम आहे आणि तो अनुभवाने ठरलेला आहे. आधी गवत कापतात. हे काम साधे दिसते, पण धोक्याचे आहे. चार महिने माणसाचा पाय न लागलेल्या विटांच्या ढिगाऱ्यात घोणस, फुरसे, मण्यार यांनी घर केलेले असते. म्हणून जाणती माणसे ढिगाऱ्याला हात घालण्याआधी लांब काठीने ठोकतात, आणि मुलांना दूर बसवतात. मग पाणी काढायचे. खड्ड्यातले पाणी पंपाने काढता येते, पण पटांगणावरचे पाणी चर खणूनच काढावे लागते. उतार कोणत्या बाजूला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. कित्येक बायांना ते पायांना कळते. अनवाणी चालता चालता त्या सांगतात की पाणी इकडून जाईल. आम्ही पातळी बघायची नळी लावून हे ताडून पाहिले आहे. बाया बहुधा बरोबर असतात.

पाणी गेल्यावर गाळ. फावड्याने कापायचा, घमेल्यात भरायचा, डोक्यावरून नेऊन कडेला टाकायचा. जमीन थोडी सुकू दिली तर गाळ हलका होतो. पण सुकू द्यायला वेळ नसतो, कारण मालकाला भट्टी लवकर लावायची असते. ओला गाळ फावड्याला चिकटतो, तो दुसऱ्या हाताने खरवडून काढावा लागतो, आणि एका घमेल्याला दोन घमेल्यांचा वेळ लागतो. गाळ निघाल्यावर पटांगण सारखे करून चोपण्याने चोपायचे, त्यावर रेती किंवा राख पसरायची, म्हणजे कच्ची वीट जमिनीला धरत नाही. मग गारा भिजवायचा खड्डा खणायचा, पाण्याचा पाट काढायचा, मागच्या भट्टीच्या तळाचे तुकडे उचलून जागा मोकळी करायची, आणि या सगळ्याच्या मधल्या वेळात, बहुधा संध्याकाळनंतर, आपापला भोंगा उभा करायचा. तेवढे झाले की मग कोठे पहिली वीट साच्यातून निघते.

हे काम किती असते याचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून आम्ही एकदा कागदावर मांडला. वाचकांनीही मांडून पाहावा, त्याला शाळेतले गणित पुरते. एका एकराचे पटांगण धरा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर गाळ चार बोटे, म्हणजे साडेसात सेंटिमीटर, धरा. हा काही मोठा पूर नव्हे. गाळ झाला सुमारे ३०० घनमीटर. ओल्या गाळाचे वजन घनमीटरला दीड टनाहून अधिकच भरते; तेव्हा ५०० टनांच्या आसपास ओझे झाले. आता नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि तीन इंच जाड अशा विटेला सुमारे दोन लिटर जागा लागते. म्हणजे हजार विटांना दोन घनमीटर. ३०० घनमीटर गाळ म्हणजे दीड लाख विटांएवढी माती. ती माणसाने फावड्याने उचलून डोक्यावरून नेली, आणि वहीत तिच्यापोटी एकही वीट नाही.

गाळ वाहणे आणि वीट पाडणे ही सारखी कामे नव्हेत, आणि गाळाला विटेचा दर द्या असे आम्ही म्हणत नाही. साधा रोज धरा. उचलून नेऊन टाकायचे म्हटले, तर एक माणूस दिवसाला दोन घनमीटर गाळ काढील. १५० माणसांचे एक दिवसाचे काम झाले. भट्टीवर दहा जोड्या, म्हणजे वीस माणसे असली, तर नुसत्या गाळाला साडेसात दिवस. गवत, चर, ढिगारे, चोपणी आणि भोंगे धरले की पंधरवडा सरतो. पंधरा दिवस, वीस माणसे: ३०० रोज.

येथे हिमालयातले एक उदाहरण आठवते. काश्मीर आणि लडाख यांच्यामधली झोजिला खिंड सुमारे साडेअकरा हजार फुटांवर आहे आणि हिवाळ्यात बर्फाने बंद होते. १९६० साली स्थापन झालेली सीमा रस्ते संघटना दर वर्षी ती खणून मोकळी करते. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाचे वजन घनमीटरला १०० किलोच्या आसपास असते. म्हणजे कमरेइतक्या, एक मीटर उंच ताज्या बर्फाखाली एका चौरस मीटरवर जेवढे ओझे, त्याहून जास्त ओझे आमच्या चार बोटे गाळाखाली असते. बर्फ दबून घट्ट झाला की तो दुपटी-तिपटीने जड होतो, आणि त्या उंचीवर श्वास पुरत नाही, हे वेगळेच. त्या माणसांचे कष्ट कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. झारखंडातून तेथे जाणाऱ्या मजुरांच्याही तक्रारी आहेत. पण एक गोष्ट तेथे वादाची नाही. बर्फ काढणे हे काम आहे, आणि काम आहे म्हणून त्याला रोज आहे. रस्त्यावरून पहिला ट्रक गेल्यावर मग तुमची मजुरी सुरू होईल, असे तेथे कोणी म्हणत नाही.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. कसाऱ्याचा घाट आपल्याच शहापूर तालुक्यात. १८६५ साली तेथून इगतपुरीला आगगाडी चढू लागली, आणि तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात रुळांवर दगडमाती येते. ती उचलणारा रेल्वेचा माणूस असतो आणि त्याचा पगार गाडी चालली की नाही यावर ठरत नाही. माळशेज घाट मुरबाड तालुक्यात. कल्याणहून अहिल्यानगरला जाणाऱ्या रस्त्यावर तेथे दरड कोसळली, की यंत्र येते, ढिगारा हटवते आणि त्याचे बिल सरकारी तिजोरीतून निघते. आता तोच पाऊस, त्याच डोंगराची माती. ती रुळावर पडली तर रेल्वेची, रस्त्यावर पडली तर सरकारची, आणि खाली वाहत येऊन भट्टीवर पडली तर कातकऱ्याच्या डोक्यावरची. एका म्हाताऱ्या बाईने आम्हांस विचारले होते की, भाऊ, पाऊस काय आम्ही पाडला? आम्ही तिला जे उत्तर दिले ते पुढे येईलच.

ही माती कातकऱ्याच्याच डोक्यावर का येते, ते मजुरीच्या पद्धतीत आहे. भट्टीवर मजुरी हजारावर असते. हजार विटा पाडल्या की अमुक रुपये. एक जोडी, म्हणजे नवरा-बायको, पहाटे दोन-तीनला उठून माती कालवते आणि दुपारपर्यंत हजाराच्या आसपास विटा पाडते. हाताशी मुले असली तर थोड्या जास्त. पण मजुरी हातात येत नाही. पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात, घरातले धान्य संपलेले असते, कोणी आजारी असते, कोणाचे लग्न ठरलेले असते; तेव्हाच मुकादम येऊन बयाणा देऊन जातो. हंगामात दर आठवड्याला बाजारासाठी खर्ची मिळते. शेवटी मे महिन्यात हिशेब होतो. एका बाजूला बयाणा आणि सगळी खर्ची, दुसऱ्या बाजूला हजारांची बेरीज. उरले तर मजुराला, नाही उरले तर बाकी पुढच्या वर्षावर. आणि बाकी असलेला माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्या भट्टीवर जाऊ शकत नाही.

आता ते पंधरा दिवस या वहीत घालून पाहा. खर्ची पहिल्या आठवड्यापासून सुरू होते, कारण माणसांना पहिल्या दिवसापासून भूक लागते. विटांची मोजणी सोळाव्या दिवसापासून सुरू होते, कारण तोवर वीटच नसते. म्हणजे हंगामाच्या आरंभालाच मजूर दोन आठवड्यांच्या खर्चीने मागे पडतो, आणि तेही काम करून. समजा एका जोडीवर ३०,००० रुपये बयाणा आहे, आणि हिशेबाला सोपे जावे म्हणून रोज ५०० रुपये धरला. (सरकारी दर वेळोवेळी बदलतो, तो ज्या वर्षीचा असेल तो घालून वाचकांनी हिशेब पुन्हा करावा.) दोघांचे पंधरा दिवस म्हणजे १५,००० रुपये. बयाण्याचा निम्मा भाग पहिली वीट पडायच्या आधीच फिटायला हवा होता. तो फिटत नाही, उलट त्यावर खर्ची चढते. भट्टीवरचा माणूस वर्षानुवर्षे त्याच मालकाकडे का जातो, याचे उत्तर शहरातली मंडळी दारूत आणि अडाणीपणात शोधतात. आम्ही म्हणतो, आधी ही वही वाचा.

मोबदल्यावाचून करून घेतलेल्या कामाला आपल्याकडे जुना शब्द आहे: वेठ. याच जिल्ह्यात, तो पालघर वेगळा होण्याआधीचा मोठा जिल्हा असताना, १९४५ पासून डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी जमीनदारांच्या वेठीविरुद्ध लढा दिला. गोदावरी परुळेकर यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो लिहून ठेवला आहे. पुढे वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला, आणि १९८०च्या दशकात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांनी त्याच कायद्याने माणसे सोडवली. जमीनदाराच्या शेतावरची वेठ लोकांना ओळखू येत होती. भट्टीवरची ओळखू येत नाही, कारण येथे मजुरी आहे असे दिसते. फक्त पंधरा दिवस तेवढे त्या मजुरीच्या बाहेर राहतात.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या किमान वेतन कायद्यात दोन कलमे आमच्या कामाची होती. १५ वे कलम सांगत होते की, मजूर कामावर हजर असून मालकाने पुरेसे काम दिले नाही, तरी त्याला पूर्ण दिवसाचे वेतन मिळाले पाहिजे. मजुराने स्वतः काम नाकारले असेल तर गोष्ट वेगळी. १७ वे कलम सांगत होते की, वेतनाचा दर वेळेवर ठरला असेल आणि नगावर ठरला नसेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या दराहून कमी देता येणार नाही. त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि या दोन्ही तरतुदी तिच्यातही आहेत. गाळ काढण्याला नग नाही. गाळ नगाने मोजताच येत नाही. तेव्हा त्याला वेळेचा दर, म्हणजे रोज, लागू होतो. यात शब्दांचा कीस काढण्यासारखे काही नाही.

दुसरी बाजू घटनेची आहे. २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली आहे. १९८२ साली दिल्लीत एशियाड खेळांसाठी बांधकामे चालली होती. तेथे मजुरांच्या रोजातून जमादार एक रुपया कापून घेत, त्यामुळे हातात किमान वेतनाहून कमी पडे. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवती यांनी त्या खटल्यात सांगितले की, किमान वेतनाहून कमी पैशात राबावे लागणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच. कारण सक्ती काठीचीच असते असे नाही, भुकेचीही असते. एका रुपयाच्या कपातीला जर ते लागू, तर पंधरा दिवसांच्या कोऱ्या पानाला किती लागू? १९७६ च्या कायद्याच्या १५ व्या कलमाने तर आणखी एक गोष्ट केली आहे: हे कर्ज वेठीचे आहे असे मजुराने म्हटले, की ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर पडतो.

पण कायदा असून पुराव्यावर अडते. मजुराकडे कागद नसतो. तो पंधरा दिवस तेथे होता, हे सांगायला कोण येणार? शेजारच्या भोंग्यातला माणूस त्याच मालकाच्या बाकीत असतो.

काळू नदीच्या काठच्या एका भट्टीवर आम्ही या प्रश्नाला तोंड दिले. मालकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तो या धंद्यातला वाईटांपैकी नव्हता. त्याचे म्हणणे असे की, माझ्या वडिलांपासून साफसफाईला मजुरी देण्याची रीत नाही, आणि त्या दिवसांत मी माणसांना उपाशी ठेवत नाही, खर्ची देतो. आम्ही म्हटले, ठीक आहे शेठ, खर्चीची वही दाखवा. त्याने ती आनंदाने दाखवली, कारण आपण किती खर्ची दिली हेच त्याला दाखवायचे होते. प्रत्येक जोडीच्या पानावर पहिल्या खर्चीची तारीख होती. मग विटांच्या मोजणीची वही मागितली. तिच्यावर पहिल्या हजाराची तारीख होती. दोहोंमध्ये सोळा दिवस. आम्ही एवढेच विचारले की, ही माणसे या सोळा दिवसांत तुमच्या कामावर नसतील, तर तुम्ही त्यांना खर्ची कशासाठी दिली? आणि कामावर असतील, तर त्यांचा रोज कोणत्या पानावर लिहिला आहे? मालकाची खर्चीची वही हाच मजुराचा हजेरीपट असतो, आणि तो मालकाच्याच हस्ताक्षरात असतो. त्या म्हाताऱ्या बाईला आम्ही हेच सांगितले होते: पाऊस कोणी पाडला ते सोडा, तुमची तारीख त्यांच्या वहीत आहे.

सोळा दिवसांचे बारा दिवस मान्य झाले. रोज माणशी धरावा, जोडीला एक नव्हे, यावर दोन तास गेले. वहीत नाव फक्त पुरुषाचे असते. घमेले मात्र बाईच्या डोक्यावर जास्त असते. अखेर ‘साफसफाई’ असे निराळे सदर घालून ते दोघांच्या नावाने लिहिले गेले. मे अखेरीस सगळ्यांचे फिटले असे झाले नाही, पण ज्यांची बाकी थोडी होती ते मोकळे झाले, आणि त्यांतले काही पुढच्या वर्षी दुसरीकडे गेले.

याचा दुसरा परिणाम असा झाला की, पुढच्या वर्षी मालकाने गाळ काढायला जेसीबी बोलावला. दोन दिवसांत पटांगण मोकळे झाले. काही मित्र आम्हांस म्हणाले, पाहा, तुम्ही मजुरी मागितली आणि काम घालवलेत. आमचे उत्तर असे की, जे काम फुकट होते ते गेल्याने मजुराचे काय गेले? उलट, जेसीबीच्या मालकाने पहिल्या तासापासून भाडे घेतले. यंत्राने एक तरी वीट पाडली का, असे त्याला कोणी विचारले नाही. शिवाय यंत्र सगळे करीत नाही. ढिगाऱ्यांमधल्या बोळी, खड्ड्यांच्या कडा, पाट, चोपणी आणि भोंगे ही कामे हातांनीच होतात. पंधराचे आठ दिवस झाले, पण ते आठ मोजावेच लागतात.

मालकाची बाजू अगदीच खोटी नसते हेही सांगितले पाहिजे. पुष्कळसे भट्टीवाले जमीन भाड्याने घेतात, कोळसा आणि तूस उधारीवर आणतात, आणि बांधकामाचा ठेकेदार त्यांचे पैसे महिनोन्‌महिने थकवतो. अवकाळी पावसाने तर दोघेही बुडतात. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाचा पाऊस आला, २०२१ च्या डिसेंबराच्या पहिल्या दोन दिवसांत पुन्हा आला. हंगामाच्या ऐन आरंभी पटांगणावर मांडलेल्या कच्च्या विटांचा अशा वेळी चिखल होतो. मोजणी वीट सुकून रचल्यावर होते. तेव्हा ज्या विटा भिजल्या त्या मोजल्या जात नाहीत, आणि त्यांचा चिखल काढणे हे पुन्हा गाळाचेच काम. मालकाचे नुकसान त्याच्या वहीत दिसते. मजुराचे दिसत नाही, एवढाच काय तो फरक. पण तो लहान नाही.

मग हा खर्च कोणी सोसावा? आम्ही वीट विकत घेणाऱ्याकडे बोट दाखवतो, आणि त्यात आपण सगळे आलो. दहा जोड्यांच्या भट्टीचा हंगाम धरा: जोडीला दिवसाचे हजार, कामाचे दिवस १५०. एकूण १५ लाख विटा. साफसफाईचे ३०० रोज त्यावर वाटले, तर ५,००० विटांमागे एक रोज येतो. वर धरलेल्या ५०० रुपयांच्या दराने विटेमागे दहा पैसे. दहा फूट लांब-रुंद खोलीच्या नऊ इंची भिंतींना सुमारे चार हजार विटा लागतात. म्हणजे त्या खोलीमागे ४०० रुपये. घर बांधणाऱ्याला हे कळणारसुद्धा नाही. भट्टीवाला ठेकेदाराला विटेचा भाव सांगताना कोळसा धरतो, डिझेल धरतो, जमिनीचे भाडे धरतो. त्याच यादीत ‘भट्टी उघडणे’ ही एक ओळ घालायची आहे.

मुलांविषयी थोडके सांगतो, कारण तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. भट्टीवर गेलेल्या मुलांची गावची शाळा दिवाळीनंतर सुटते. विधायक संसदेने १९९०च्या दशकात भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या, ती कल्पना फार मोलाची होती. पण गाळाच्या पंधरवड्यात मुले शाळेत नसतात, ती धाकट्यांना सांभाळत असतात किंवा घमेल्याला हात लावत असतात. या दिवसांना रोज मिळू लागला, तर निदान मुलांची मदत घेऊन काम उरकण्याची घाई कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

आता आम्ही वाड्यांवर सांगतो ते असे. टेम्पोत चढताना शंभर पानी वही घ्या. वाडीतल्या शिकलेल्या मुलीकडे ती द्या. उतरल्या दिवसापासून तारीख, कोण कोण कामावर, काय काम, एवढे रोज लिहायचे: गवत, चर, गाळ, चोपणी. शनिवारी खर्ची घेताना मालकाच्या किंवा मुकादमाच्या वहीतली तारीख पाहून तीच तारीख आपल्या वहीत उतरायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी भोंग्याच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा चालतात, पण भोंगा पावसात जातो आणि रेघाही जातात, म्हणून वही. अर्ज करायची वेळ आली तर तो कामगार खात्याकडे वेतनासाठी आणि तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे वेठबिगारीसाठी, असा दोन्हीकडे करावा. एकीकडे केला की दुसरे खाते हात झटकते.

वसंत व्याख्यानमालेचे हे दिवस भट्टीवरच्या अखेरच्या भट्ट्या लागण्याचे दिवस असतात. आपण येथे संध्याकाळी व्याख्यानाला जमतो, तेव्हा तेथे शेवटच्या विटा रचल्या जात असतात, आणि लौकरच हिशेब व्हायचे असतात. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच आला. एरवीची तारीख ११ जून. पटांगणावरची वीट उचलायला पंधरा दिवस आहेत असे धरून चाललेल्या भट्ट्यांची त्यामुळे तारांबळ उडते. असल्या वेळी मजूर विटा पाडत नाहीत. कच्च्या विटांवर प्लास्टिक टाकतात, ढिगाऱ्याभोवती चर खणतात, पंप आणि पत्रे उचलून ट्रकात भरतात, भट्टी झाकतात. उघडण्याला जसे दिवस लागतात तसे बंद करायलाही लागतात, आणि तेही हजारांत येत नाहीत. त्या आठवड्याची खर्ची मात्र वहीत लिहिलेली असते. म्हणून आम्ही मुलींना सांगतो की शेवटची दहा पाने कोरी राखा, ती मे महिन्याला लागतात.